दफनभूमीतील कबरींचे हक्क

दफनभूमीतील कबरींचे हक्क : मृतदेह पुरण्यासाठी राखून ठेवलेल्या भूमीतील विशिष्ट जागा वापरण्याचा, ती कुटुंबासाठी राखण्याचा, वारसांकडे सोपविण्याचा किंवा तिच्याबदली दुसरी जागा घेण्याचा अधिकार आणि त्या अधिकाराचे नियमन. व्यवहारात ‘आमच्या मालकीची कबर’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. तथापि कबरीखालील जमीन क्वचितच कुटुंबाच्या मालकीची असते. कुटुंबाला मिळतो तो त्या जागेचा केवळ दफनापुरता, अटींनी मर्यादित असा वापराचा हक्क. जमिनीची मालकी धर्मसंस्था, सार्वजनिक न्यास, वक्फ वा स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे राहते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच कबरींबाबतचे बहुतेक तंटे उद्भवतात. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात, विशेषतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत, एका कुटुंबासाठी कायमची राखलेली जागा ही इतरांच्या वाट्यातून वजा होणारी जागा असते. त्यामुळे कबरीच्या हक्काचा प्रश्न हा जमिनीच्या न्याय्य वाटपाचाही प्रश्न ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात प्रतिष्ठितांना चर्चच्या फरशीखाली व सामान्यांना चर्चच्या आवारात पुरीत. आवारातील कबरी काही वर्षांनी उकरून, अस्थी अस्थिगृहात ठेवून, तीच जागा पुन्हा वापरण्याचा प्रघात होता. म्हणजे कबरीचा फेरवापर ही आधुनिक टंचाईतून निघालेली कल्पना नव्हे. ‘कायमची कबर’ हीच सर्वसामान्यांच्या दृष्टीने तुलनेने नवी कल्पना आहे. पॅरिसमधील इनोसंट्स ही दफनभूमी अतोनात भरल्यामुळे १७८० मध्ये बंद करण्यात आली व १७८६ पासून तेथील अस्थी शहराखालील जुन्या दगडखाणींत हलविण्यात आल्या. १८०४ मधील फ्रेंच हुकुमाने दफनभूमी वस्तीबाहेर नेल्या आणि कुटुंबांना कबरीसाठी जागा सवलतीच्या हक्काने देण्याची पद्धत घालून दिली. पुढे या सवलती अल्पमुदतीच्या, दीर्घमुदतीच्या व कायमच्या अशा वर्गांत विभागल्या गेल्या. आज जगात आढळणाऱ्या कबरहक्कांच्या बहुतेक पद्धतींचे मूळ या वर्गीकरणात सापडते.

मुंबई परिसरात साष्टी बेट १५३४ पासून १७३७–३९ मधील मराठ्यांच्या विजयापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. या काळात चर्चमध्ये व चर्चच्या आवारात दफन होत असे. वसई किल्ल्यातील चर्चांच्या जमिनीत बसविलेल्या लेखयुक्त शिला याची साक्ष देतात. इंग्रजांच्या मुंबईत प्रारंभी कुलाब्याच्या बाजूस मेंढॅम पॉइंट येथे व अठराव्या शतकात पुढे बॅक बेच्या किनाऱ्यालगत सोनापूर येथे दफन होऊ लागले. हिंदूंचे स्मशान व मुसलमानांचे कबरस्तानही याच परिसरात असल्याने सोनापूर हा शब्दच जुन्या मुंबईच्या बोलीत स्मशान या अर्थी रूढ झाला. शहर वाढून सोनापूर वस्तीने वेढले गेल्यावर मुंबईचे पहिले नगरपालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ मध्ये शिवडी येथे ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा मिळविली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे वास्तुशिल्पज्ञ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची कबर शिवडीस आहे.

उपनगरांची घडण वेगळी होती. आंबोली, चकाला, मरोळ, गोराई, मनोरी यांसारख्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची दफनभूमी चर्चलगत किंवा गावाच्या कडेला असे आणि तिचा आकार गावातील मोजक्या घरांना पुरेल इतकाच असे. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. गिरगाव, माझगाव येथील जुनी कुटुंबे तसेच गोवा, मंगळूर व केरळ येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे उपनगरांत स्थायिक झाली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला व २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली. गावाच्या मापाने आखलेल्या दफनभूमी मात्र बव्हंशी तेवढ्याच राहिल्या.

हक्काचे स्वरूप : कबरीच्या संबंधात तीन पक्ष वेगळे ओळखावे लागतात : जमिनीचा मालक, व्यवस्थापक व हक्कधारक कुटुंब. चर्चची दफनभूमी असल्यास जमीन धर्मग्रामाच्या म्हणजे पॅरिशच्या न्यासाकडे असते व धर्मगुरू आणि विश्वस्त तिची व्यवस्था पाहतात. महापालिकेच्या दफनभूमीत मालक व व्यवस्थापक बहुधा एकच असतात. कबरस्तान वक्फ असल्यास जमीन ईश्वरार्पण झालेली मानली जाते. मुतवल्ली किंवा विश्वस्त हे केवळ तिचे व्यवस्थापक होत.

कुटुंबाने पैसे भरून कायमची कबर घेतली, तरी सामान्यतः जमिनीचे खरेदीखत होत नाही. मिळते ती पावती किंवा हक्कपत्र. त्यात कबरीचा क्रमांक, मोजमाप, हक्कधारकाचे नाव, कोणास पुरता येईल यासंबंधीच्या अटी व देखभालीचे शुल्क यांचा उल्लेख असतो. असा हक्क स्थूलमानाने भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील अनुज्ञप्तीशी मिळताजुळता आहे : दुसऱ्याच्या जमिनीवर एरव्ही बेकायदेशीर ठरणारी कृती करण्याची ती परवानगी असते. तथापि कबरीचा हक्क साध्या अनुज्ञप्तीपेक्षा अधिक टिकाऊ मानला जातो. कारण एकदा दफन झाल्यावर व्यवस्थापकाला मनास येईल तेव्हा ती जागा परत घेता येत नाही. हक्क किती टिकेल, तो कोणाकडे जाईल व कशाने संपुष्टात येईल, हे मुख्यतः हक्कपत्राच्या शब्दांवर व दफनभूमीच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून जुनी पावती जपून ठेवणे व तीवरील अटी वाचणे यांस व्यावहारिक महत्त्व आहे.

या हक्कावर सार्वजनिक कायद्याची चौकट असते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ प्रमाणे अंत्यविधीच्या जागांची सोय व नियमन हे महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांपैकी एक आहे. याच अधिनियमाच्या कलम ४३५ पासून पुढे अशा जागांची नोंदणी, नवीन जागा उघडण्यास परवानगी व जुन्या जागा बंद करणे यांविषयी तरतुदी आहेत. प्रार्थनास्थळाच्या भिंतीत किंवा जोत्याखाली दफन करणे, नोंद नसलेल्या जागी पुरणे, पुरलेला देह उकरणे किंवा वापरात असलेली कबर पुन्हा उघडणे ही कृत्ये सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाहीत. भावना दुखविण्याच्या उद्देशाने वा तसे होईल हे माहीत असताना दफनभूमीत अतिक्रमण करणे किंवा मृतदेहाची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३०१ अन्वये गुन्हा आहे. पूर्वी ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २९७ मध्ये होती.

सन्मानपूर्वक अंत्यविधी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे न्यायालयांनी मान्य केले आहे. यातून विशिष्ट जागी पुरण्याचा हक्क मात्र आपोआप निष्पन्न होत नाही. छत्तीसगढमधील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात, खाजगी जमिनीवर दफनास परवानगी द्यावी की नाही, याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत जानेवारी २०२५ मध्ये मतभेद झाला. अखेर ख्रिस्ती समाजासाठी ठरविलेल्या दूरच्या दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा निर्देश देण्यात आला.

कबरींचे प्रकार व फेरवापर : मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींत सामान्यतः तीन प्रकारच्या जागा आढळतात. (१) सामाईक अथवा तात्पुरती कबर : ही कोणाच्याही नावे राखलेली नसते. दफनानंतर सामान्यतः दीड ते तीन वर्षांनी ती उघडून अस्थी काढल्या जातात व जागा पुढील दफनासाठी वापरली जाते. (२) कायमची किंवा कुटुंबाची कबर : ही हक्कपत्रान्वये एका कुटुंबाकडे असते. तीत ठराविक अंतराने त्याच कुटुंबातील पुढील व्यक्तींना पुरता येते. (३) अस्थींसाठी भिंतीतील कोनाडा, ज्यास बोलीभाषेत ‘निश’ म्हणतात : सामाईक कबरीतून निघालेल्या अस्थी यात ठेवून वर नावाची शिला बसवितात. ज्यांना कोनाडा घेता येत नाही त्यांच्या आप्तांच्या अस्थी दफनभूमीतीलच सामाईक अस्थिविहिरीत विधिपूर्वक ठेवल्या जातात.

या व्यवस्थेचे गणित सोपे, पण निष्ठुर आहे. दफनभूमीत वर्षाला किती दफने होऊ शकतील, हे कबरींच्या संख्येला प्रत्येक कबरीच्या विश्रांतिकालाने भागून मिळते. कल्पनेसाठी २४० कबरींची दफनभूमी घेतली व दोन वर्षांचा विश्रांतिकाल धरला, तर तेथे वर्षाला १२० दफने शक्य होतात. त्यांपैकी ८० कबरी कायमच्या म्हणून दिल्या, तर फेरवापरासाठी १६० उरतात व दफने ८० वर येतात. त्या ८० कायमच्या कबरींपैकी प्रत्येक सरासरी दहा वर्षांतून एकदा उघडली जात असेल, तर त्यांत वर्षाला केवळ ८ दफने होतात. म्हणजे एक तृतीयांश भूमीवर ८, तर उरलेल्या दोन तृतीयांश भूमीवर ८० दफनांचा भार पडतो. त्यातच देह विघटित होण्यास दोनऐवजी तीन वर्षे लागू लागली, तर सामाईक कबरींची क्षमता ५३ दफनांपर्यंत घसरते. यामुळेच मुंबईतील अनेक धर्मग्रामांनी नव्या कायमच्या कबरी देणे थांबविले असून कोनाड्यांवर भर दिला आहे.

विश्रांतिकाल हा नियमाने ठरविता येत असला, तरी तो निसर्गावर अवलंबून असतो. हवा खेळणाऱ्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत विघटन लवकर होते. उपनगरांतील सखल, भराव घातलेल्या किंवा खाडीलगतच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. अशा आर्द्र व हवाविरहित स्थितीत देहातील चरबीचे मेणासारख्या पदार्थात रूपांतर होऊन विघटन लांबते. रोगण दिलेली जाड लाकडाची पेटी, कृत्रिम धाग्यांचे अस्तर आणि प्लॅस्टिकचे आवरण यांमुळेही हा काळ वाढतो. कोव्हिड–१९ च्या साथीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून केलेल्या दफनांमुळे हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. वसई परिसरातील काही धर्मग्रामांनी पेटीविना, सुती कापडात दफन करण्याची प्रथा स्वीकारली आहे. पेटीचा हा बदल वरवर लहान वाटला, तरी प्रत्येक कबर काही महिने आधी मोकळी होणे म्हणजे जमीन न वाढविता दफनभूमी वाढविण्यासारखेच आहे.

वारसा व हस्तांतर : कायमच्या कबरीच्या मूळ हक्कधारकाचे निधन झाल्यावर हक्क कोणाकडे जातो, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या संपत्तीचा वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो व त्यात मुलगे आणि मुली यांचा वाटा समान असतो. परंतु घराचे वा ठेवींचे हिस्से करता येतात, तसे कबरीचे करता येत नाहीत. म्हणून वापराचा अधिकार सर्व वारसांचा आणि व्यवस्थापनाशी संपर्क ठेवण्याची जबाबदारी त्यांपैकी एकाची, अशी तडजोड बहुधा केली जाते. नाव बदलून घेण्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ पावती, वारसांची यादी व इतर वारसांचे नाहरकतपत्र यांची मागणी सामान्यतः केली जाते.

वाद मुख्यतः चार प्रसंगी उद्भवतात : विवाहित मुलीला माहेरच्या कबरीत पुरावयाचे असल्यास, जावई किंवा सून यांच्यासाठी कबर उघडावयाची असल्यास, दोन भावांच्या कुटुंबांत थोड्याच अंतराने मृत्यू घडून पहिल्या दफनाचा विश्रांतिकाल पुरा झालेला नसल्यास, आणि परदेशी गेलेल्या वारसांची संमती वेळेत न मिळाल्यास. मृत्यूनंतर निर्णयास काही तासांचाच अवधी असतो. अशा वेळी दु:खात असलेल्या कुटुंबाने जुनी कागदपत्रे शोधावीत व व्यवस्थापकाने भावंडांमधील तंट्याचा निवाडा करावा, ही अपेक्षा दोघांनाही अन्यायकारक असते. म्हणून हक्कधारक हयात असतानाच पुढील नामनिर्देशन करून घेण्याची तरतूद नियमांत असणे हितावह ठरते. नामनिर्देशित व्यक्ती ही सर्व कुटुंबाच्या वतीने संपर्कासाठी असते, एकमेव मालक म्हणून नव्हे, हेही नियमात स्पष्ट असावे लागते.

खाजगी विक्री हा हस्तांतराचा वेगळा प्रकार होय. कायमच्या कबरी नव्याने मिळेनाशा झाल्या, की जुन्या हक्कांना किंमत येते व मध्यस्थांमार्फत ते परस्पर विकण्याचा मोह होतो. दफनभूमीच्या नियमांत अशा विक्रीस सामान्यतः मज्जाव असतो. हक्क नको असल्यास तो व्यवस्थापनाकडे परत करावयाचा असतो. यामागील तत्त्व असे की, सार्वजनिक न्यासाच्या भूमीतील सवलत ही गरजेसाठी दिलेली असते, गुंतवणुकीसाठी नव्हे. परस्पर व्यवहार करणाऱ्या खरेदीदाराची स्थिती दुबळी असते. कारण विकणाऱ्याकडे जमिनीची मालकीच नसल्याने तो ती देऊ शकत नाही आणि व्यवस्थापनाने नोंद नाकारल्यास कबर उघडता येत नाही.

अदलाबदल : दोन कुटुंबांनी किंवा एक कुटुंब व दफनभूमी यांनी परस्परांच्या जागा बदलून घेणे, म्हणजे अदलाबदल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मधील विनिमय हा मालकीच्या बदल्यात मालकी असा व्यवहार आहे. कबरीच्या अदलाबदलीत मालकी मुळीच हलत नाही. त्यामुळे तो विनिमय नसून, एक सवलत परत करून दुसरी नवी सवलत घेणे असे त्याचे खरे स्वरूप असते. व्यवस्थापनाची लेखी संमती ही त्यामुळे औपचारिकता नव्हे, तर व्यवहाराचा गाभा ठरते.

अदलाबदलीची कारणे नित्याची असतात. पती व पत्नी यांच्या कबरी शेजारी असाव्यात, अशी इच्छा असते. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातील जागा बदलून हवी असते. वृद्ध नातेवाइकांना चालत जाता येईल अशी वाटेलगतची जागा हवी असते. मुंबईत याखेरीज एक विशेष कारण आढळते. दक्षिण मुंबईत राहणाऱ्या पूर्वजांनी शिवडीस कबर घेतलेली असते व पुढील पिढी बोरिवली किंवा मुलुंडला स्थायिक झालेली असते. शिवडीची कबर आणि उपनगरी धर्मग्रामाची कबर यांचे मालक, शुल्क व नियम भिन्न असल्याने त्यांची थेट अदलाबदल होत नाही. कुटुंबापुढे जुन्या कबरीतच दफन करणे किंवा राहत्या धर्मग्रामातील सामाईक कबर स्वीकारून नंतर अस्थी कौटुंबिक कबरीत नेणे, हे पर्याय उरतात. दुसऱ्या पर्यायात अस्थी हलविण्यासाठी दोन्ही ठिकाणची संमती लागते. अमेरिकेतील दफनभूमींच्या संघटनांनी स्थलांतर करणाऱ्या हक्कधारकांसाठी एका गावच्या जागेचे मूल्य दुसऱ्या गावी जमा धरण्याची योजना राबविली आहे. तेथे विस्तीर्ण भूमी व खाजगी दफनभूमी कंपन्या असल्याने असा हिशोब शक्य होतो.

रिकाम्या जागांची अदलाबदल व वापरलेल्या कबरींची अदलाबदल यांत मूलभूत फरक आहे. पहिलीत केवळ नोंद बदलते. दुसरीत अवशेष हलवावे लागतात; त्यासाठी महापालिकेची परवानगी, दोन्ही कुटुंबांतील निकटच्या नातेवाइकांची संमती व धार्मिक विधी या सर्वांची आवश्यकता असते. विश्रांतिकाल पुरा होण्यापूर्वी अशी विनंती मान्य करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. गुन्ह्याच्या चौकशीसाठी देह उकरण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार याहून वेगळा आहे.

दफनभूमीच्याच जमिनीची अदलाबदल, उदा., रस्तारुंदीसाठी पट्टा देऊन शेजारची जागा घेणे, हा निराळा विषय होय. सार्वजनिक न्यासाच्या स्थावर मिळकतीची विक्री, विनिमय वा देणगी यांस महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

कबरस्तान व वक्फ : इस्लामी परंपरेत देह कफनात गुंडाळून, पेटीविना पुरतात. देह मातीत पूर्णतः मिसळल्यावर तीच जागा दुसऱ्या दफनासाठी वापरणे बहुतेक धर्मशास्त्रज्ञांनी मान्य केले आहे व कबरीवर पक्के बांधकाम करणे सामान्यतः अप्रशस्त मानले आहे. तरीही कौटुंबिक जागा राखण्याची प्रवृत्ती येथेही दिसते. मरीन लाइन्स येथील बड्या कबरस्तानात काही कुटुंबांच्या नावे राखलेल्या जागांना ‘ओटा’ म्हणतात. वक्फ अधिनियम, १९९५ मध्ये २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्री, देणगी, विनिमय व गहाण हे व्यवहार मुळापासून रद्दबातल ठरविले. त्यामुळे ओटा किंवा कौटुंबिक कबर ही देखील विक्रीयोग्य मालमत्ता न होता वापराची सवलतच राहते.

या तत्त्वाचे बहुचर्चित उदाहरण उपनगरातच घडले. सांताक्रूझ पश्चिमेकडील जुहू कबरस्तानात अभिनेत्री मधुबाला (मृत्यू १९६९), गायक मोहम्मद रफी व कवी साहिर लुधियानवी (दोघांचाही मृत्यू १९८०) यांच्या कबरी होत्या. मधुबालाच्या कबरीवर कोरीव संगमरवरी बांधकाम होते. नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून २०१० मध्ये या कबरींवरील बांधकामे काढून तेथे माती पसरण्यात आली. चाहत्यांना हे अनादराचे वाटले. विश्वस्तांची अडचण अशी की, आज ज्याला जागा हवी त्याला नाकारून कालच्या कोणासाठी ती राखावी, हा निर्णय त्यांना करावयाचा होता. कीर्तीमुळे कबरीचा हक्क वाढत नाही, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

इतर समाजांत परिस्थिती भिन्न आहे. यहुदी धर्मविधीत कबर चिरंतन मानली जात असल्याने फेरवापराला जवळजवळ वाव नाही. लिंगायत, महानुभाव, नाथपंथी, गोसावी इ. हिंदू संप्रदायांतही दफनाची परंपरा असून त्यांच्या जागांची व्यवस्था समाजसंस्था किंवा स्थानिक स्वराज्य संस्था पाहतात. [⟶ अंत्यविधि].

नोंदी व व्यवस्थापन : हक्कांचे रक्षण शेवटी नोंदवहीवर अवलंबून असते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व ११८२ या नियमांनुसार प्रत्येक धर्मग्रामाने मृतांची नोंदवही ठेवून दफनाची नोंद करावयाची असते. १२४३ वा नियम दफनभूमींच्या शिस्तीसाठी स्थानिक नियम करण्यास सांगतो. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे दफनभूमीच्या व्यवस्थापकावरही मृत्यूची माहिती देण्याचे कर्तव्य आहे.

सुव्यवस्थित दफनभूमीत तीन अभिलेख असतात : कबरींच्या क्रमांकांसह जागेचा नकाशा, दफनांची कालक्रमानुसार वही, आणि हक्कधारक, वारस व हस्तांतरे यांची वही. तिन्हींचा मेळ घालता आला पाहिजे. नकाशावरील क्रमांक व स्मृतिशिलेवरील क्रमांक यांत तफावत पडली, तर चुकीची कबर उघडली जाण्याचा धोका असतो. हक्कधारकांचे पत्ते अद्ययावत नसणे हा नित्याचा दोष होय. दीर्घकाळ देखभाल न झालेली कबर परत घेण्यापूर्वी पत्राने कळविणे, दफनभूमीच्या फलकावर व चर्चच्या सूचनापत्रात जाहीर करणे आणि पुरेशी मुदत देणे, ही पथ्ये पाळली नाहीत, तर कायदेशीर निर्णयही अन्यायकारक भासतो. अवशेष कोठे ठेवले याची नोंद करणे हे तर अपरिहार्य आहे. कारण जागा गेल्याचे दु:ख कालांतराने ओसरते, पण अस्थी कोठे आहेत हे न कळण्याचे दु:ख ओसरत नाही.

नव्या जागांचा प्रश्न : व्यवस्थापन कितीही काटेकोर असले, तरी वाढत्या वस्तीला नव्या जागा लागतातच. मुंबईच्या विकास आराखड्यांत दफनभूमीसाठी भूखंड आरक्षित केले जातात. सध्याचा २०१४–३४ चा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ अनुसार ठराविक मुदतीत जमीन संपादन न झाल्यास व त्यानंतर मालकाने दिलेल्या सूचनेवर कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. शिवाय शेजाऱ्यांचा विरोध, अतिक्रमणे व जमिनीची अयोग्यता या अडचणी असतात.

कोव्हिडच्या साथीत या टंचाईचे गांभीर्य प्रकट झाले. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने धर्म कोणताही असो, कोव्हिडने मृत झालेल्यांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले व ते त्याच दिवशी मागे घेतले. वांद्रे येथील कबरस्तानात अशा दफनांना हरकत घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली. पूर्व उपनगरांत मुस्लिम दफनभूमीसाठी अधिक जागा मिळावी म्हणून गोवंडी परिसरातील रहिवाशांनी केलेल्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये महापालिकेच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले आणि मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा देणे हे तिचे वैधानिक कर्तव्य असल्याचे बजावले.

ज्या ख्रिस्ती पंथांची उपनगरांत स्वतःची दफनभूमी नाही, त्यांना महापालिकेच्या जागेवर किंवा दूरच्या दफनभूमीवर अवलंबून राहावे लागते. भाडेकरू, नव्याने आलेले व अल्पसंख्य पंथांचे लोक यांना टंचाईची झळ प्रथम लागते. कारण त्यांच्या पूर्वजांनी येथे कबरी घेतलेल्या नसतात.

अन्य देशांतील पद्धती व पर्याय : इंग्लंडमध्ये स्थानिक प्राधिकरणांना १९७७ च्या आदेशान्वये जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी अनन्य दफनहक्क देता येतो; २००७ मधील कायद्याने लंडनमध्ये ७५ वर्षांहून जुन्या कबरींचा काही अटींवर फेरवापर शक्य झाला. जर्मनीत विश्रांतिकाल सामान्यतः २० ते ३० वर्षांचा असतो. सिंगापूरने १९९८ पासून कबरीचा काळ १५ वर्षांवर मर्यादित केला, तर हाँगकाँगच्या सार्वजनिक दफनभूमींत तो सहा वर्षांचा आहे. मुंबईतील काळ याहूनही पुष्कळच कमी आहे. भारतात केरळ राज्याने मलंकरा चर्चमधील ऑर्थोडॉक्स–जेकबाइट वादामुळे अडलेल्या दफनांसाठी २०२० मध्ये स्वतंत्र कायदा करून कुटुंबाच्या परंपरागत दफनभूमीतील दफनाचा हक्क सुरक्षित केला. विवाद चर्चच्या मालकीचा असला, तरी त्यापायी दफन अडू नये, ही भूमिका त्यामागे आहे.

कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी शिथिल केली. २०१६ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार रक्षा घरी न ठेवता दफनभूमीसारख्या पवित्र स्थळी ठेवावयाची असते. त्यामुळे दहन स्वीकारणाऱ्या कुटुंबालाही दफनभूमीत लहानशी का होईना, जागा लागतेच. कोनाड्यांचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले आहे.

कबरीचा हक्क हा मृताच्या स्मृतीशी निगडित असला, तरी तो जिवंतांनी परस्परांस दिलेल्या सवलतीवर उभा असतो. एका कुटुंबाने मुदत संपताच जागा मोकळी केली, म्हणूनच दुसऱ्याच्या आप्ताला वेळेवर माती मिळते. त्यामुळे मुदतीचा हक्क, समान नियम, स्वच्छ नोंदी व अस्थींचा आदर या चार गोष्टी पाळल्या गेल्यास कबर कायमची नसली, तरी स्मृती व सन्मान कायम राहू शकतात. जागेची चिरंतनता हा थोड्यांना मिळणारा विशेषाधिकार होय. दफनाची निश्चिती हा मात्र सर्वांना देता येण्याजोगा हक्क आहे. [⟶ थडगे].